दगडातली आई

आई आणि तिच्या मांडीवर मूल. हे दृश्य आपल्याला काही नवं नाही. देवघरातल्या तसबिरीत यशोदेच्या मांडीवर बाळकृष्ण असतो. एसटी स्टँडच्या बाकावर टेकलेल्या बाईच्या मांडीवर पेंगुळलेलं लेकरू असतं. पण समजा, मांडीवरचं ते मूल लहान नाही, चांगला तेहतीस वर्षांचा बाप्या आहे. आणि तो झोपलेला नाही, गेलेला आहे. मग त्या आईचा चेहरा कसा असेल हो?

सव्वापाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका पोरसवदा कलावंतानं या प्रश्नाचं उत्तर संगमरवरात कोरून ठेवलं. त्याचं नाव मायकेलअँजेलो. त्या शिल्पाचं नाव 'पिएता'. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ कणव, करुणा. क्रुसावरून उतरवलेला येशू मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई मेरी, एवढंच त्यात आहे. रोमला व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आत शिरलं की उजव्या हाताच्या पहिल्याच दालनात ते ठेवलेलं आहे.

मैत्रिणींनो, मायकेलअँजेलो म्हटलं की सगळ्यांना डेव्हिडचा तो भव्य पुतळा आठवतो, नाहीतर सिस्टीन चॅपेलचं रंगवलेलं छत. तो चित्रकार होता, शिल्पकार होता, वास्तुरचनाकार होता, कवीही होता. पण मला त्याची गोष्ट सांगावीशी वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. ही मुलाला धरून बसलेली आई त्यानं आयुष्यात एकदा नाही, तीनदा दगडात शोधली. पहिल्यांदा ऐन तारुण्यात, दुसऱ्यांदा सत्तरी ओलांडल्यावर आणि तिसऱ्यांदा तर थेट मरणाच्या सहा दिवस आधीपर्यंत. एवढी कामं हातावेगळी करणारा हा माणूस पुन्हा पुन्हा त्या एका आईपाशी का येत राहिला असेल?

त्याचा जन्म ६ मार्च १४७५चा. इटलीतल्या तोस्काना प्रांतात कप्रेसे नावाचं डोंगरातलं छोटं गाव. वडील लोदोविको तिथं सरकारी अंमलदार म्हणून नेमले गेले होते. घराणं फ्लॉरेन्सचं, जुनं आणि नावाजलेलं, पण तिजोरीत खडखडाट. आपल्याकडे वाड्याची भिंत पडायला आली तरी वतनाचा तोरा जात नाही ना, तसंच काहीसं. आई फ्रान्चेस्का. पाच भावांत हा दुसरा.

त्या काळी शहरातल्या बऱ्या घरांत तान्ही मुलं दूध पाजायला दाईकडे देण्याची पद्धत होती. मायकेलअँजेलोलाही फ्लॉरेन्सजवळच्या सेत्तिन्यानो गावी एका बाईकडे ठेवलं. हे गाव दगडाच्या खाणींचं आणि ही बाई होती एका पाथरवटाची बायको. पुढं म्हातारपणी तो गमतीनं सांगायचा, की छिन्नी-हातोडा मला त्या दाईच्या दुधातूनच मिळाला. गंमत खरी, पण जन्मभर हा माणूस ज्या दगडात रमला त्या दगडाचा आवाज त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकला असणार, हे काही खोटं नाही.

१४८१ मध्ये त्याची आई गेली. तो सहा वर्षांचा होता. चारेक वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि तो तेवीसचा व्हायच्या आत ती सावत्र आईही देवाघरी गेली. एका आईनं जन्म दिला, दुसरीनं दूध पाजलं, तिसरीनं सांभाळलं आणि जवळ एकही उरली नाही.

मुलाला शाळेत गोडी नव्हती. सारखा चित्रं काढत बसायचा. वडिलांना आणि चुलत्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. चित्र काढणं, दगड फोडणं ही हातानं राबणाऱ्या कारागिरांची कामं, आपल्या घराण्याला शोभणारी नाहीत, असा त्यांचा खाक्या. त्यापायी पोरानं मारही खाल्ला. पण पोरगा हटला नाही. शेवटी १४८८ मध्ये, तेराव्या वर्षी, गिरलांदायो नावाच्या नामांकित चित्रकाराच्या कारखान्यात त्याला उमेदवारीला घातलं. तिथून तो लवकरच फ्लॉरेन्सचा सर्वेसर्वा लोरेन्झो द मेदिची याच्या बागेत जुनी शिल्पं पाहून शिकू लागला. लोरेन्झोनं त्याच्यातली चमक हेरली आणि त्याला आपल्या घरी, आपल्या मुलांच्या पंगतीला बसवलं. तिथंच एका सोबत्याशी भांडण होऊन नाकावर असा ठोसा बसला, की नाक कायमचं चेपलं. आपण कुरूप आहोत हे शल्य त्याला जन्मभर राहिलं. सुंदर शरीरं घडवणाऱ्या या माणसाला आरशात बघणं नकोसं वाटत असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

१४९२ मध्ये लोरेन्झो वारला आणि आधार तुटला. त्या दिवसांत एका मठाच्या इस्पितळात प्रेतं उघडून माणसाचं शरीर आतून कसं असतं, स्नायू कुठून कुठं जातात, हे तो शिकला. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं हे करायचं म्हणजे अंगावर काटा येतो. मठाच्या प्रमुखाचे उपकार फेडायला त्यानं लाकडाचा एक क्रुसावरचा येशू घडवून दिला. मेलेलं शरीर कसं सैल पडतं, हात कसा लोंबतो, मान कशी कलंडते, हे त्यानं ऐकून नव्हे, डोळ्यांनी पाहून जाणलं होतं. पुढं पिएतामध्ये ते उतरलं.

१४९६ मध्ये तो रोमला आला. तिथं एका फ्रेंच कार्डिनलला आपल्या थडग्यासाठी शिल्प हवं होतं. २७ ऑगस्ट १४९८ रोजी रीतसर करार झाला. मोबदला ४५० सोन्याची नाणी, मुदत एक वर्ष. याकोपो गाली नावाच्या सावकारानं मध्यस्थ म्हणून लिहून दिलं, की आज रोममध्ये असलेल्या कुठल्याही संगमरवरी कामाहून हे काम सरस होईल. कारागीर अवघा तेवीस वर्षांचा! कुणाच्या तरी पोरावर दुसऱ्या कुणी एवढा विश्वास टाकावा, याचंच मला अप्रूप वाटतं.

दगड निवडायला तो स्वतः करारा गावच्या खाणीवर गेला. आपण साडी घ्यायला गेलो की दुकानदारानं उलगडलेल्या दहा साड्या नाकारून अकरावी निवडतो, तसा त्यानं डाग नसलेला, दोष नसलेला पांढराशुभ्र चिरा शोधून काढला. आणि मग टाकी लावली.

मुळात मेरीनं येशूला असं मांडीवर घेतल्याचा प्रसंग बायबलमध्ये सांगितलेला नाही. लोकांच्या भक्तीतून तो आला. जर्मनीकडे त्याआधी कितीतरी वर्षं अशा लाकडी मूर्ती होत होत्या. त्यात मेरीचा चेहरा दुःखानं पिळवटलेला, येशूच्या जखमा उघड्या, रक्त ओघळलेलं. बघणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं हाच हेतू. मायकेलअँजेलोनं हे सगळं बाजूला सारलं. त्याची मेरी ऊर बडवत नाही. तिनं मान खाली घातलीय, डोळे मिटल्यासारखे झुकलेत. चेहरा शांत. जखमा आहेत, पण अगदी लहान, शोधाव्या लागतील अशा.

शिल्पाची उंची सुमारे १७४ सेंटीमीटर, म्हणजे पुरुषभर, आणि सगळं एकाच चिऱ्यातून कोरलेलं. बसलेल्या बाईच्या मांडीवर अख्खा पुरुष मावायचा कसा? आपल्यापैकी जिनं कधी दहा-बारा वर्षांचं आजारी मूल मांडीवर घेतलं असेल तिला ही अडचण बरोबर कळेल. पाय खाली लोंबतात, मान घसरते. मायकेलअँजेलोनं युक्ती केली. मेरीच्या वस्त्राचा मोठा घोळ केला, चुण्याच चुण्या घातल्या आणि त्या घोळात तिची मांडी ऐसपैस करून टाकली. ही मेरी उभी राहिली तर मुलाहून कितीतरी थोराड दिसेल. पण बघताना हे ध्यानातही येत नाही. लेकरू कितीही मोठं झालं तरी आईच्या मांडीवर त्याला जागा असते, एवढंच जाणवतं.

आता तिचे हात बघा. उजवा हात मुलाच्या खांद्याखाली आहे, त्याचं ओझं पेलतोय. पण तिची बोटं आणि त्याचं अंग यांच्यामध्ये कापड आहे. पूजेची वस्तू आपण ओंजळीत रुमाल धरून घेतो, तसा तो देह तिनं धरलाय. आणि डावा हात? तो मोकळा आहे, तळवा वर करून जरासा पुढं केलेला. त्या हाताचा अर्थ जाणकारांनी नाना परींनी लावलाय. ख्रिस्ती भाविकांना त्यात जगासाठी केलेलं मुलाचं दान दिसतं. मला वाटतं, एका हातानं धरलंय आणि दुसऱ्यानं सोडलंय. आईपणाचं सगळं शहाणपण त्या दोन हातांत आलं.

मेरी एवढी तरुण कशी, तेहतीस वर्षांच्या मुलाची आई त्याच्याहून लहान कशी दिसते, असं लोकांनी त्याला विचारलंच. निर्मळ मनाच्या स्त्रिया लवकर कोमेजत नाहीत, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिल्याचं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. ते असेलही. पण माझ्यासारख्या बाईच्या मनात दुसरंच येतं. सहा वर्षांच्या मुलाची आई गेली, तर ती त्याच्या आठवणीत किती वर्षांची राहील? ती कधी म्हातारी होईलच कशी? तो चाळिशीचा होईल, ऐंशीचा होईल, ती तेवढीच राहील.

या शिल्पाची आणखी एक गोष्ट वासारी नावाच्या त्याच्या चरित्रकारानं सांगितलीय. शिल्प चर्चमध्ये बसवल्यावर मायकेलअँजेलो एकदा गर्दीत उभा होता. बाहेरगावच्या काही लोकांनी ते भलत्याच शिल्पकाराच्या नावावर खपवलेलं त्यानं ऐकलं. त्या रात्री दिवा आणि छिन्नी घेऊन तो आत गेला आणि मेरीच्या छातीवरून जाणाऱ्या पट्ट्यावर त्यानं स्वतःचं नाव कोरून टाकलं. गोष्ट किती खरी कोण जाणे, पण नाव आजही तिथं आहे. पुढं त्यानं एकाही कामावर सही केली नाही.

इथं थोडं थांबून मला एक अनुभव सांगायचाय. आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही काही जणी महिला मंडळ चालवतो. बचत गटांची कामं, भांडणतंटे, कुणाच्या घरी वाईट घडलं तर जाऊन बसणं, हे सगळं त्यात येतं. आमच्यातल्या एकीचा बावीस वर्षांचा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. इस्पितळातून त्याला बांधूनच आणलं. बाईला बघवणार नाही, ती कोसळेल, अशा काळजीनं घरच्या माणसांनी तिला आतल्या खोलीत धरून ठेवलं आणि तासाभरात पुढचं सगळं उरकलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानंतर ती बोलेनाशी झाली. गटाच्या बैठकीला यायची, अंगठ्यानं जमीन टोकरत बसायची आणि जायची.

एकदा मी बायकांना दाखवायला जगातल्या कलाकृतींचं एक चित्रांचं पुस्तक नेलं होतं. त्यात पिएताचं पानभर छायाचित्र होतं. पुस्तक हातोहात फिरत तिच्याकडे गेलं आणि तिथंच थांबलं. ही कोण, असं तिनं कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ त्या चित्रावरून बोट फिरवत राहिली. मग हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, की हिला निदान मांडीवर तरी मिळाला. आणि मग जी रडली, जी रडली... त्या दिवशी आम्ही कुणीच तिला गप्प केलं नाही.

तिला मेरी माहीत नव्हती, इटली माहीत नव्हती, संगमरवर म्हटलं तर तिला फरशी आठवली असती. तरी जे कळायचं ते तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. अध्यात्म अध्यात्म म्हणतात ते याहून फार वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. आपलं दुःख दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर दिसणं, आणि ते बघून आपण एकटे नाही हे कळणं. तेव्हापासून आमच्या मंडळानं एक रीत पाडलीय. असा प्रसंग आला की आम्ही घरच्या माणसांशी बोलतो, आणि आईला, बायकोला जवळ बसू द्या, हात लावू द्या, घाई करू नका, असं हात जोडून सांगतो. काही जण ऐकतात, काही नाही. पण सांगतो.

असो. पुन्हा मायकेलअँजेलोकडे वळू.

पिएतानं त्याचं नाव झालं. १५०१ ते १५०४ या काळात त्यानं फ्लॉरेन्सला डेव्हिड घडवला. दुसऱ्यांनी हात लावून अर्धवट टाकलेला, कित्येक वर्षं पाऊस-ऊन खात पडलेला एक चिरा होता. त्यातून त्यानं सतरा फूट उंचीचा तरुण उभा केला. १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मान वर करून सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं. पैसा आला, मान आला, पोपपासून राजेरजवाड्यांपर्यंत सगळे दारात आले. पण राहणी फाटकीच. लग्न केलं नाही. मिळालेले पैसे घरी धाडायचा. ज्या वडिलांनी चित्रं काढतो म्हणून बदडलं त्यांना आणि भावांना यानंच पोसलं. घरातल्या कर्त्या मुलाची ही कहाणी आपल्याकडेही घरोघर आहे, नाही का?

भावाचा मुलगा लिओनार्दो लग्नाचा झाला तेव्हा या काकानं त्याला पत्रांवर पत्रं लिहिली. सांगणं एवढंच, की हुंड्याकडे बघू नकोस, मुलगी चांगल्या वळणाची आणि निरोगी असली म्हणजे झालं. हे सोळाव्या शतकात! शिवाय फ्लॉरेन्समधल्या गरजू घरांतल्या मुलींच्या लग्नासाठी तो गुपचूप पैसे पाठवायचा आणि हे कुणाला कळू देऊ नकोस म्हणून पुतण्याला बजावायचा. संतापी, एककल्ली, माणूसघाणा म्हणून तो बदनाम होता. पण उजव्या हाताचं डाव्याला न कळू देणारा हा असाही मायकेलअँजेलो होता.

साठीच्या आसपास त्याची एका स्त्रीशी ओळख झाली. तिचं नाव व्हित्तोरिया कोलोना. मोठ्या घरची, विधवा, स्वतः नावाजलेली कवयित्री, वृत्तीनं अत्यंत धार्मिक. दोघांच्या गप्पा देवाबद्दल, श्रद्धेबद्दल, कवितेबद्दल. त्यानं तिला कविता लिहून पाठवल्या आणि तिच्यासाठी एक पिएता चित्रात काढून दिली. त्या चित्रातली मेरी मुलाला धरत नाही. मुलाचा देह तिच्या गुडघ्यांमध्ये आहे आणि तिनं दोन्ही हात आकाशाकडे उचललेत. १५४७ मध्ये व्हित्तोरिया गेली. तो फार खचला.

त्याच सुमारास त्यानं दुसरी पिएता घ्यायला घेतली. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, पैसेही नव्हते. स्वतःच्या थडग्यावर लावायचं म्हणून तो रात्री-अपरात्री उठून घडवत बसायचा. उजेडासाठी कागदाची टोपी करायची, तिच्यावर चरबीची मेणबत्ती खोचायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. वय सत्तरीपार. या शिल्पात चार माणसं आहेत. मुलगा खाली घसरतोय, एका बाजूनं आई त्याला सावरतेय आणि मागं एक म्हातारा उभा राहून दोघांना आधार देतोय. त्या म्हाताऱ्याला त्यानं स्वतःचा चेहरा दिला. तारुण्यात त्यानं मेरीच्या छातीवर नाव कोरलं होतं. म्हातारपणी नाव नाही, तो स्वतःच ओझ्याखाली हात द्यायला जाऊन उभा राहिला.

आणि आठ-एक वर्षं खपल्यावर, १५५५च्या सुमारास, एक दिवस हातोडा घेऊन त्यानंच ते शिल्प फोडायला सुरुवात केली. दगड चिवट होता, त्यात दोष होता, छिन्नीखाली ठिणग्या उडायच्या. अलीकडे २०२१ मध्ये या शिल्पाची साफसफाई पुरी झाली तेव्हा त्या दगडात बारीक बारीक चिरा असल्याचं तज्ज्ञांना आढळलंही. नोकरानं मध्ये पडून ते वाचवलं. पुढं एका शिष्यानं तुकडे सांधले. पण येशूचा डावा पाय नाही तो नाहीच. आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात ते तसंच उभं आहे.

गंमत बघा, पहिल्या पिएतावरही असाच घाला आला. २१ मे १९७२ रोजी एक माथेफिरू माणूस हातोडा घेऊन कठडा ओलांडून गेला आणि मेरीवर घाव घालू लागला. तिचा डावा हात तुटला, नाक गेलं, पापणीचा टवका उडाला. कारागिरांनी महिनोन्महिने खपून, आधी घेतलेल्या साच्यांचा आधार घेऊन, तुकड्याला तुकडा जोडला. आता ती आई जाड काचेआड बसते. सांधा कुठं आहे ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपल्याकडे उठता-बसता म्हणतात. विशेषतः बायकांना तर हे नेमानं ऐकवलं जातं. सोस बाई, सोस. मला या म्हणीचा अलीकडे थोडा रागच येतो. मूर्ती टाकीनं होते आणि हातोड्यानं फुटते, घाव दोन्हीकडे असतोच की! फरक पडतो तो घाव घालणाऱ्याच्या हातात माया आहे की नाही, याचा. मायकेलअँजेलो मानायचा, की मूर्ती दगडात आधीच असते, आपण फक्त वरचं जास्तीचं काढायचं. म्हणजे दगडाचं मोल त्याच्या सोसण्यात नाही, त्याच्या आत जे आहे त्यात आहे. ते ओळखणारं कुणीतरी मिळायला हवं.

त्याच सुमारास त्याच्या घरातला उर्बिनो नावाचा नोकर आजारी पडला. सव्वीस वर्षं त्याच्यापाशी राहिलेला, मुलासारखा माणूस. ऐंशीच्या मायकेलअँजेलोनं रात्ररात्र जागून त्याची शुश्रूषा केली. पण तो वाचला नाही. ज्यानं आपल्या म्हातारपणाची काठी व्हायचं त्यालाच पोचवायची वेळ आली. त्याच्या मागं राहिलेल्या बायकोशी, कोर्नेलियाशी, त्यानं पत्रव्यवहार ठेवला, मुलांकडे लक्ष दिलं. आयुष्यभर मांडीवर मेलेलं मूल कोरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या मांडीवर मरण आलं ते असं.

तोवर सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाची जबाबदारीही त्याच्यावर आली होती. ती त्यानं बिनपगारी स्वीकारली. हे देवाचं काम, याचे पैसे घ्यायचे नाहीत, असं म्हणून सतरा वर्षं राबला. आणि घरी तिसरी पिएता चालूच होती.

ही तिसरी पिएता आज मिलान शहरात, एका जुन्या किल्ल्यात आहे. २०१५ पासून तिला तिथं स्वतंत्र दालन मिळालंय. एके काळी ते सैनिकांचं इस्पितळ होतं. पहिली पिएता पाहिलेला माणूस हिच्यासमोर आला तर गोंधळून जाईल. तो तुळतुळीतपणा नाही, वस्त्राच्या त्या चुण्या नाहीत. दगडावर छिन्नीचे ओरखडे तसेच आहेत. चेहरे धुक्यातून दिसावेत तसे. शेजारी एक सुटा हात नुसताच उभा आहे, कारण तो हात ज्या शरीराचा होता ते शरीर मायकेलअँजेलोनं कोरून काढून टाकलं आणि सगळं पुन्हा नव्यानं मांडलं. यात आई बसलेली नाही, उभी आहे, आणि मागून मुलाला कवेत धरून आहे.

नवं शरीर कोरायला दगड उरला होता कुठं? तर आईच्या आकृतीत. तिच्याच अंगाच्या दगडातून त्यानं मुलाला पुन्हा बाहेर काढलं. नऊ महिने पोटात वाढवून जन्म दिलेल्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही. दोघं एकमेकांत इतकी मिसळलीत, की आई कुठं संपते आणि मूल कुठं सुरू होतं ते कळत नाही. आणि बाजूनं पाहिलं तर वाटतं, आईनं मुलाला नाही, मुलानंच आईला पाठीवर घेतलंय.

शनिवार, १२ फेब्रुवारी १५६४. नव्वदीला टेकलेला म्हातारा दिवसभर उभ्यानं या दगडावर काम करत होता. दोन दिवसांनी तब्येत बिघडली, तरी पावसात फिरून आला. १८ फेब्रुवारीला रोममधल्या घरी त्यानं प्राण सोडला. ८९ वर्षं पुरी व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते. मृत्युपत्र मोजक्या शब्दांचं. आत्मा देवाला, देह मातीला, असेल नसेल ते जवळच्या नातलगांना. त्याचा देह पुतण्यानं मालाच्या गठ्ठ्यात लपवून फ्लॉरेन्सला नेला, कारण रोम त्याला सोडायला तयार नव्हतं. लहानपणी जिथं वाढला त्या गावात तो परत आला.

चोवीसच्या वर्षी त्यानं जी आई घडवली ती परिपूर्ण होती. तिच्यात खोट काढायला जागा नाही, आणि तिचं मूल तिच्या मांडीवर निश्चिंत विसावलंय. अठ्ठ्याऐंशीच्या वर्षी जी घडवली ती अर्धवट राहिली. पण या दुसऱ्या आईपाशी मला जास्त जवळचं वाटतं. आपणही अशाच असतो की. सगळं नीट पुरं झालंय अशी बाई मी अजून पाहिली नाही. कुणाचं काय निसटलेलं, कुणाचा एक हात मागच्याच आयुष्यात राहून गेलेला. तरीही ज्याला धरायचं त्याला धरून आपण उभ्या असतो.

आणि कधीतरी कळतं, की ज्याला आपण धरलंय असं वाटत होतं, त्याच्याच आठवणीनं आपल्याला उभं धरून ठेवलंय.